तासाभराच्या फुटेजमधले नको ते तुकडे भराभर कसे काढायचे

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली मिरवणूक, मंगल कार्यालयातलं लग्न, क्लासचं लेक्चर, पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, एखाद्या कारखान्यात घेतलेली मुलाखत. सोलापुरात शूट करणाऱ्यांची आज कमी नाही. कॅमेरा सांभाळायला पोरं पटकन शिकतात. अडतं ते नंतर, तासाभराचं रॉ (न कापलेलं) फुटेज टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने लावायच्या जागेवर, येऊन पडलं की.

नवखा माणूस काय करतो ते बघा. व्हिडिओ चालवतो. कुठे खोकला आला, कुठे बोलणारा अडखळला, की थांबवतो. कात्रीचं टूल घेतो, एक कट देतो, पुढे जाऊन दुसरा कट देतो, टूल बदलतो, मधला तुकडा निवडतो, उडवतो, मागे राहिलेली मोकळी जागा ओढून बंद करतो, आणि नीट झालं का बघायला पुन्हा मागे जातो. एका खोकल्यासाठी एवढं सगळं. मुलाखतीत असे शंभर तुकडे निघाले तर अख्खा दिवस माऊस ओढण्यात जातो, आणि संध्याकाळी कान इतके थकलेले असतात की महत्त्वाचं वाक्य कुठलं आणि फालतू कुठलं हेच कळेनासं होतं.

हा वेळ वाचवता येतो, पण नुसते शॉर्टकट पाठ करून नाही. काय काढायचं हे ठरवणं एक काम आणि प्रत्यक्ष कापणं दुसरं काम. ही दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही बिघडतात. आधी पूर्ण ऐकून खुणा करा, मग एका दमात कापा. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

उदाहरणं मी दा विंची रिझॉल्व्हची देतो. ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट आवृत्तीतून 3840 बाय 2160 पर्यंतचा व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत काढता येतो, आणि पैसे भरायच्या आवृत्तीतले इफेक्ट लावले नाहीत तर वॉटरमार्कही येत नाही. शिकणाऱ्याला यापेक्षा जास्त लागत नाही. प्रीमिअर प्रो वापरत असाल तर तिथल्या कळा मध्ये मध्ये सांगेन. कळा विंडोज कीबोर्डच्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन समजा.

काढायचं की उचलायचं?

फुटेज हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारा: यातलं निम्म्याहून जास्त ठेवायचंय का?

लेक्चर, भाषण, कीर्तन, मुलाखत यांत बहुतेक मजकूर ठेवायचा असतो आणि फक्त अडखळणं, थांबणं, फोन वाजणं, 'जरा पाणी द्या हो' असले भाग काढायचे असतात. इथे सगळं फुटेज टाइमलाइनवर घ्या आणि नको ते वजा करा.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उलटं असतं. सात नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, हलगी, गर्दी, आणि तासन्‌तास चालू ठेवलेला कॅमेरा. त्यातून शेवटी सहा-सात मिनिटांची फिल्म हवी असते. इथे वजा करत बसलात तर संपणार नाही. चांगले तुकडे उचला, बाकीच्याला हातच लावू नका. क्लिप डबल क्लिक करून सोर्स व्ह्यूअरमध्ये उघडा, हवा तो भाग जिथे सुरू होतो तिथे 'आय' दाबा, संपतो तिथे 'ओ', आणि शिफ्ट व एफ 12 दाबून तो टाइमलाइनच्या शेवटी जोडा. पुढे सरका, पुन्हा तेच. माऊसला हात लावायची गरज जवळपास पडत नाही. मिरवणुकीत एक गोष्ट मात्र सांभाळा. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा जयघोष सुरू झाला की शेवटच्या 'हर्र'नंतर गर्दीचा आवाज ओसरेपर्यंत 'ओ' दाबू नका. आपल्या गावच्या प्रेक्षकाला तो अर्धवट तुटलेला सहन होत नाही, आणि होऊही नये.

या लेखात पुढे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे वजा करण्याबद्दल बोलू. खरा वेळ तिथेच जातो.

कापायला बसण्याआधी

कार्डावरचं फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर कॉपी करा, नुसत्या व्हिडिओ फाइल निवडून घेऊ नका. बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंगच्या आपोआप अनेक फाइल करतात, कारण जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल चार जीबीच्या वर जाऊ शकत नाही. त्या फाइल नावाच्या क्रमाने टाइमलाइनवर लावा आणि जोडावर एखादा शब्द गेला नाही ना, हे ऐकून घ्या.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सुरू करताना फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हे आधीच ठरवा. एकदा फुटेज आत आलं की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलता येत नाही. कॅमेऱ्यावर 25 ला शूट केलं असेल तर 25.

फोनवर शूट केलं असेल तर आणखी एक गोष्ट. बहुतेक फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, उजेड आणि प्रोसेसरच्या ताणाप्रमाणे तो कमीजास्त होतो. असं फुटेज थेट एडिटिंगला घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांनंतर ओठ आणि आवाज वेगळे पडू लागतात, आणि तोपर्यंत तुम्ही पन्नास कट मारलेले असतात. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ते आधी स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या. हे काम कापाकापी सुरू करण्यापूर्वीच करायचं.

लॅपटॉप जुना असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी प्रत, बनवा. मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिप जिथे दिसतात तिथे) सगळ्या क्लिप निवडून उजवं क्लिक करा आणि प्रॉक्सी मीडिया तयार करायला सांगा. जेवून येईपर्यंत होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा फोर-के फुटेज चालवताना लॅपटॉप तापतो आणि अडकत चालतो. अडकत चालणाऱ्या व्हिडिओवर अचूक कट देता येत नाही, कारण तुम्ही कळ दाबता तेव्हा दिसणारी फ्रेम आणि ऐकू येणारा आवाज एकाच क्षणाचे नसतात. प्रॉक्सी हलकी असते, ती सरळ चालते. शेवटी एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच करता येतो.

सगळं फुटेज क्रमाने टाइमलाइनवर आलं की त्या टाइमलाइनची एक प्रत काढा. मीडिया पूलमध्ये तिच्यावर उजवं क्लिक करून डुप्लिकेट करा. पहिलीला 'मूळ' नाव द्या आणि विसरून जा. काम दुसरीवर.

पहिली फेरी: फक्त ऐका

आता हात कीबोर्डवर. 'जे', 'के', 'एल' या तीन कळा शेजारी शेजारी आहेत. 'एल'ने पुढे चालतं, 'के'ने थांबतं, 'जे'ने उलटं चालतं. 'एल' पुन्हा दाबला की वेग दुप्पट होतो. 'के' दाबून धरून 'एल'ला एक टिचकी मारली की एकच फ्रेम पुढे. डाव्या-उजव्या बाणांनीही फ्रेम-फ्रेम जाता येतं. या कळा जवळजवळ सगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच आहेत, म्हणून एकदा बोटांत बसल्या की कायमच्या कामाला येतात.

या फेरीत काहीही कापायचं नाही. ऐकत जायचं आणि 'एम' दाबून खुणा करायच्या. रिझॉल्व्हमध्ये क्लिप निवडलेली असेल तर खूण क्लिपवर बसते, काही निवडलेलं नसेल तर वर टाइमलाइनच्या पट्टीवर बसते. क्लिपवर बसलेली खूण क्लिपसोबत हलते, पट्टीवरची मागे राहून चुकीच्या जागी पडू शकते. म्हणून क्लिप निवडूनच खुणा करा. 'एम' लागोपाठ दोनदा दाबला की खुणेची चौकट उघडते, तिथे रंग बदलता येतो आणि दोन शब्द लिहिता येतात.

रंग तीनच ठेवा. लाल म्हणजे नक्की जाणार, हिरवा म्हणजे काही झालं तरी राहणार, पिवळा म्हणजे नंतर ठरवू. यापेक्षा जास्त रंग केले की कुठला कशाचा हेच आठवत नाही. हिरव्या खुणेचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. पण हातमागावर आयुष्य काढलेले एखादे आजोबा तासभर बोलताना मध्येच थांबून एक वाक्य असं बोलून जातात की त्याच्यासाठीच ती मुलाखत घेतलेली असते. त्याच्या आधीची शांतता लांब असते. घाईघाईत शांतता काढणाऱ्या हाताला ती 'रिकामी जागा' वाटते. तिथे हिरवी खूण असेल तर ती शांतता वाचते.

कोणी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोललं की तो भाग थेट लाल करू नका. पूर्व भागात मुलाखत मराठीत चालू असली तरी माणूस बायकोकडे किंवा मुलाकडे वळून तेलुगूत काहीतरी विचारतो, एखाद्या अवजाराचं नाव, एखादं साल. पुष्कळदा नेमकी माहिती त्यातच असते. पिवळी खूण करा आणि भाषा येणाऱ्या मित्राला बोलावून ऐकवा.

ज्यांना स्क्रीनपेक्षा वही बरी वाटते त्यांनी वहीत टाइमकोड (व्हिडिओतली वेळ) लिहावा. पद्धत तीच, फक्त कापताना एक नियम पाळावा लागतो, तो पुढे येतोच.

दुसरी फेरी: कापणं

कापायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी उपयोगी पडतात.

पहिली, प्लेहेडपर्यंत (टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणाऱ्या उभ्या रेघेपर्यंत) छाटणं. बोलणारा अडखळला, मग नीट बोलायला लागला. जिथे नीट वाक्य संपलं तिथे कट द्या (कंट्रोल आणि बी). पुढे जाऊन नवं वाक्य जिथे सुरू होतं त्याच्या किंचित आधी प्लेहेड न्या आणि कंट्रोल, शिफ्ट व डावा चौकोनी कंस दाबा. कटापासून प्लेहेडपर्यंतचा भाग उडतो आणि मागचं सगळं पुढे सरकून जागा आपोआप बंद होते. क्लिपचा शेवट छाटायचा असेल तर हेच, फक्त उजवा चौकोनी कंस. प्रीमिअरमध्ये हीच दोन कामं 'क्यू' आणि 'डब्ल्यू' या एकेका कळेवर आहेत, म्हणून तिथे वेग भलताच वाढतो. रिझॉल्व्हमध्येही कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये जाऊन ही दोन्ही कामं एकेका कळेवर बसवता येतात. ही एक गोष्ट आजच करून टाका. तीन बोटांची कसरत शंभर वेळा करायची आणि एक बोट शंभर वेळा टेकवायचं, यात मनगटाला फार फरक पडतो.

दुसरी, 'आय' आणि 'ओ' लावून मधला भाग उडवणं. क्लिपची निवड काढा, टाइमलाइनवर नको असलेल्या भागाच्या सुरुवातीला 'आय', शेवटी 'ओ', आणि डिलीट. एकही कट न देता मधला भाग जातो आणि जागाही बंद होते. प्रीमिअरमध्ये याच कामासाठी एकेरी अवतरणचिन्हाची कळ आहे. इथे एक सावधगिरी हवी. रिझॉल्व्हमध्ये प्रत्येक ट्रॅकच्या (चित्राच्या किंवा आवाजाच्या थराच्या) डाव्या बाजूला ऑटो सिलेक्टचं बटण असतं. ज्या ट्रॅकवर ते बंद आहे, तिथून भाग उडत नाही. वेगळ्या माइकचा आवाज तिसऱ्या ट्रॅकवर असेल आणि त्याचं बटण बंद राहिलं, तर चित्र पुढे सरकतं आणि आवाज जागच्या जागी. कापायला बसण्यापूर्वी सगळ्या ट्रॅकची बटणं एकदा पाहून घ्या.

तिसरी पद्धत मला नवख्यांसाठी सगळ्यात सुरक्षित वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाइमलाइनवर नको असलेल्या प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना नुसते कट देत जा, काहीच उडवू नका. सगळे कट झाले की कंट्रोल दाबून धरून नको असलेले तुकडे एकेक निवडा आणि बॅकस्पेस दाबा. रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेस आणि डिलीट या दोन वेगळ्या कळा आहेत हे लक्षात ठेवा: डिलीटने जागा बंद होते, बॅकस्पेसने तुकडा जातो पण जागा मोकळीच राहते. आता टाइमलाइन चाळणीसारखी दिसेल. शिफ्ट आणि झेड दाबून ती अख्खी स्क्रीनवर बसवा आणि डोळ्यांनी पाहा. एखादी मोकळी जागा फार मोठी वाटते? तिथला तुकडा चुकून मोठा गेला असेल, अजून सहज परत आणता येतो, कारण काहीच सरकलेलं नाही. खात्री पटली की एडिट मेन्यूत जाऊन सगळ्या मोकळ्या जागा एकदम काढायला सांगा. तासाभराची टाइमलाइन एका क्षणात आक्रसून चाळीस मिनिटांची होते. प्रीमिअरमध्ये हेच काम सीक्वेन्स मेन्यूतल्या क्लोज गॅपने होतं. जिथे एका ट्रॅकवर मोकळी जागा असून दुसऱ्यावर संगीत किंवा टायटल चालू आहे, तिथली जागा बंद होत नाही. म्हणून संगीत आणि टायटलं या सगळ्यानंतरच लावायची.

काम करताना स्नॅपिंग 'एन'ने चालू-बंद होतं. कट जवळच्या कटाला चिकटायला लागला, नेमकी फ्रेम पकडता येईना, की 'एन'.

वहीवरून कापताना शेवटाकडून या

वहीत लिहिलेलं आहे: 4 मिनिटं 10 सेकंदांपासून 4:40 पर्यंत काढायचं, मग 12:00 ते 12:20 काढायचं. पहिल्यापासून सुरुवात केलीत तर तीस सेकंद निघाले आणि मागचं सगळं पुढे सरकलं. वहीतलं 12:00 आता टाइमलाइनवर 11:30 ला आहे. तिसऱ्या-चौथ्या कटापर्यंत हिशोब डोक्यात ठेवता येतो, पुढे नाही.

म्हणून यादीच्या तळापासून वर या. शेवटचा भाग आधी काढला की त्याच्या नंतरचंच सरकतं, आधीचे सगळे आकडे जसेच्या तसे खरे राहतात. क्लासच्या सरांनी किंवा गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'एवढं एवढं काढा' म्हणून वेळा पाठवल्या असतील तर हाच नियम पाळा. त्यांनी वेळा कुठल्या फाइलवरून लिहिल्यात तेवढं मात्र आधी विचारून घ्या.

मराठी बोलणं कापताना

इंटरनेटवरची बहुतेक ट्युटोरियल इंग्रजी बोलण्यावर बनवलेली असतात. आपल्या भाषेत कट कुठे द्यायचा याचा विचार वेगळा करावा लागतो.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि बोलताना शेवटी आवाज खाली जातो. 'त्या वेळी घरात चार माग होते' यातलं 'होते' वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) बारीक रेघेसारखं दिसतं. नवखा माणूस वेव्हफॉर्म बघून कट देतो आणि 'त्या वेळी घरात चार माग' एवढंच उरतं. आणखी धोक्याचं म्हणजे 'नाही'. 'हा भाव आम्हाला परवडत नाही' यातलं 'नाही' ओठातल्या ओठात गेलेलं असेल आणि ते कापलं गेलं, तर माणूस बोलला त्याच्या नेमकं उलटं त्याच्या तोंडी जातं. म्हणून वाक्याच्या शेवटाचा कट डोळ्यांनी देऊ नका, हेडफोन लावून कानाने द्या. शेवटच्या शब्दानंतर सहा ते आठ फ्रेम मोकळ्या सोडा. ज्याने विश्वासाने आपल्याला बोलू दिलं, त्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्या कात्रीने बदलता कामा नये. वेगाने काम करणाऱ्याने तर याबाबत जास्तच जागरूक राहायला हवं.

सुरुवातीलाही अशीच एक अडचण आहे. 'स', 'श', 'ह', 'फ' यांनी सुरू होणारे शब्द वेव्हफॉर्मवर उशिरा उठताना दिसतात, कारण त्या अक्षरांचा आवाज मुळात हलका. उंचवटा दिसतो तिथे कट दिला की 'सोलापूर'चं 'ओलापूर' होतं. उंचवट्याच्या तीन-चार फ्रेम आधी कट द्या.

आणि सगळे 'अं', 'म्हणजे', 'काय की' काढू नका. आपल्याकडचा माणूस 'काय की' म्हणून क्षणभर थांबतो तेव्हा तो आठवत असतो. ते सगळं साफ केलं की माणूस बातम्या वाचल्यासारखा वाटतो. लेक्चरमध्ये निर्दयपणे काढा, मुलाखतीत हात राखून.

मागाचा ठेका

कारखान्यात शूट केलेल्या फुटेजमध्ये मागे पॉवरलूमची खटखट असते. ही खटखट ठरावीक तालात चालते आणि कान तो ताल नकळत धरून ठेवतो. मध्येच तुकडा काढला की बोलणं नीट जुळतं, पण ठेका चुकतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. कुठे ते त्याला सांगता येत नाही.

यावर पहिला उपाय शूटच्या दिवशीच करायचा. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून, माइक त्याच जागी ठेवून, दोन मिनिटं नुसता मागाचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये तो वेगळ्या ट्रॅकवर सलग खाली अंथरायचा, बारीक आवाजात. वरचे कट त्याच्याखाली बरेच झाकले जातात.

दुसरा उपाय कापताना. वेव्हफॉर्म मोठा केला की ठोके समान अंतरावर उंचवट्यासारखे दिसतात. मागाचे मिनिटाला 120 ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद जातो, म्हणजे 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर साडेबारा फ्रेम. आधीचा तुकडा एखाद्या ठोक्याच्या अगदी आधी संपवा आणि पुढचा तुकडा ठोक्यावर सुरू करा. एडिट पेजवर एका फ्रेमपेक्षा बारीक, म्हणजे 25 च्या टाइमलाइनवर 40 मिलिसेकंदांपेक्षा बारीक सरकता येत नाही. अर्ध्या फ्रेमची चूक क्रॉसफेडमध्ये, म्हणजे एक आवाज विरत दुसरा चढतो त्या जोडात, जिरते. त्याहून अचूक हवं असेल तर फेअरलाइट या आवाजासाठीच्या पेजवर आवाज फ्रेमपेक्षाही बारीक सरकवता येतो.

क्रॉसफेड प्रत्येक कटावर एकेक लावू नका. आधी सेटिंगमध्ये ट्रान्झिशनची नेहमीची लांबी दोन-तीन फ्रेमवर आणा, मग सगळ्या क्लिप निवडून शिफ्ट आणि टी दाबा. सगळ्या कटांवर आवाजाचा बारीक क्रॉसफेड एकदम बसतो, 'टक्' असा आवाज जातो. चित्रावर काही लागत नाही.

चित्राची उडी

एकाच कॅमेऱ्यावरची मुलाखत कापली की कटावर माणसाचं डोकं उडी मारतं. यूट्यूबवर लेक्चरमध्ये ते चालतं, लोकांना सवय आहे. माहितीपटात मात्र कटावर दुसरं दृश्य टाका: हात, धोटा, चादरीवर उतरणारी नक्षी. ही दृश्यं शूटच्या वेळीच भरपूर घेतलेली हवीत. ती वरच्या ट्रॅकवर टाका, खालचा आवाज सलग राहू द्या.

याचंच पुढचं पाऊल म्हणजे आवाज आणि चित्र वेगवेगळ्या जागी कापणं. ऑल्ट दाबून क्लिपच्या टोकावर क्लिक केलं की फक्त चित्राचं किंवा फक्त आवाजाचं टोक हातात येतं. पुढच्या माणसाचा आवाज पाव सेकंद आधी सुरू होऊ द्या आणि मग चित्र बदला. कट जाणवत नाही. हे सगळ्या कटांवर करायची गरज नाही, एक विषय संपून दुसरा सुरू होतो तिथे पुरे.

कट एक-दोन फ्रेम पुढेमागे करायचा असेल तर माऊसने ओढू नका. 'व्ही' दाबला की जवळचा कट निवडला जातो, मग स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम सरकवा. शिफ्ट धरून सरकवलं की पाच-पाच फ्रेम.

एडिटिंग नकोच, नुसतं छाटायचंय तेव्हा

क्लासच्या चार तासांच्या रेकॉर्डिंगमधून मधल्या सुट्ट्या काढायच्या आहेत आणि बाकी काहीच करायचं नाही. यासाठी रिझॉल्व्ह उघडू नका. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातही 'आय' आणि 'ओ' आहेत, पण तिथे ते ठेवायच्या भागाला लावायचे. सगळे भाग खुणावून ते जोडून एक फाइल करायला सांगा. व्हिडिओ पुन्हा रेंडर होत नाही, नुसता कापून जोडला जातो, म्हणून मोठी फाइलही काही मिनिटांत हाती येते आणि दर्जा मूळचाच राहतो. मर्यादा एकच: कट की-फ्रेमवरच (फाइलमध्ये ठरावीक अंतराने येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच) बसतो, म्हणून तुम्ही सांगितलेल्या जागेच्या सेकंद-दोन सेकंद आधीपासून भाग सुरू होऊ शकतो. सुट्टी काढायला ते चालतं, वाक्य कापायला चालत नाही.

गिऱ्हाइकाला देण्याआधी

सगळी टाइमलाइन एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता बघा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी. पुन्हा एकदा डोळे मिटून नुसती ऐका. तुटलेला शब्द, चुकलेला ठेका, अर्धवट श्वास हे डोळे मिटल्यावर लगेच पकडले जातात. मग वर-खाली बाणांनी एका कटावरून दुसऱ्या कटावर उड्या मारत जा आणि प्रत्येक कटाच्या दोन सेकंद आधीपासून दोन सेकंद नंतरपर्यंत तपासा. मध्ये एखादी काळी फ्रेम राहिली असेल तर ती इथेच सापडते.

एक्सपोर्टनंतर 'मूळ' नावाची टाइमलाइन, खुणा केलेली टाइमलाइन आणि रॉ फुटेज, तिन्ही निदान काही महिने दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. घरच्यांचा फोन येतोच: आजोबांनी आजीबद्दल काहीतरी सांगितलं होतं, ते मिळेल का? पिवळ्या खुणा उघडा, बहुतेक वेळा ते तिथेच असतं.